आकबेतचा पांढरा दगड

दगड ओळखायचा तर आधी हात लावायचा, डोळे नंतर. हे मी जन्मभर सांगत आले आणि ताशबुलाकची माणसं जन्मभर आधी डोळेच लावत आली. पांढरा दिसला की संगमरवर, काळा दिसला की ग्रॅनाइट, झालं यांचं. अहो, पीठही पांढरं आणि चुनाही पांढरा, मग भाजा की चुन्याच्या रोट्या. पण सांगून ऐकतंय कोण. माझी जीभ तिखट आहे असं गावात म्हणतात. दगड चाटून चाटून झाली असेल, कारण आमच्या कामात कधीकधी दगड जिभेलाही लावावा लागतो. म्हणणाऱ्यांनी खुशाल म्हणावं.

माझं नाव बुरुलचा. राजधानीत, फ्रुंझेला शिकले आणि पुढची सगळी उमर खडकांची पाहणी करणाऱ्या तुकड्यांबरोबर तंबूत काढली. गुडघे गेले तेव्हा गावी परत आले. लग्न केलं नाही. माझं म्हणावं असं एकच माणूस होतं, धाकटा भाऊ मुकाश. ही गोष्ट त्याची, आणि जुमाकादिरची, ज्याच्यावर मी डूख धरून होते. झालं गेलं विसर, माफ कर, असं सांगायला पुष्कळजणी येऊन गेल्या. मी त्यांना चहा पाजला आणि वाटेला लावलं.

जुमाकादिर त्या काळी आमच्या सामुदायिक शेतीचा चेअरमन, आणि मुकाश बांधकामावरचा मुकादम. पाटाला पाणी चढवायला नदीवर बंधारा बांधायचा होता. दगडाची आमच्याकडे काय वानवा? गावामागे लगेच आकबेत, पांढरा फटफटीत डोंगर, ट्रॅक्टर पार पायथ्याशी जातो. आणि त्याच्या कितीतरी वर, घोड्याचाही ऊर फुटेल अशा चढावर, कोकजोनची करडी धार, मधेमधे पांढरे पट्टे असलेली. कोकजोनचा दगड चुनखडीचा. त्याच्यावर नख ओढा, नखच झिजेल. ओरखडा काढायला सुरी लागते. व्हिनेगरचा थेंब टाका, चरचरून फेस येतो. हातोडी मारली तर खणकन वाजतो आणि भर उन्हातसुद्धा हाताला गार लागतो. आकबेतचा दगड दिसायला त्याच्यापेक्षा देखणा, पण तो जिप्सम, ज्याला भाजून प्लास्टर करतात तो. नखानं खरवडला जातो, व्हिनेगरला ढिम्म हलत नाही, ठोकला तर थप्प वाजतो, आणि हात ठेवला तर दगडासारखा गारच लागत नाही. सर्वांत वाईट म्हणजे पाण्यात राहिला की विरघळतो. एका दिवसात नाही; सावकाश, आतून, कोणाला न कळता.

मुकाशला हे चांगलं ठाऊक होतं. लहानपणी मेंढरं घेऊन आम्ही दोघं दोन्ही डोंगर पालथे घातले होते. आकबेतवर नखानं आपापली नावं कोरायचो आणि पुढच्या वसंतात जाऊन बघायचो तर नावं धुऊन गेलेली असायची. त्यामुळे चेअरमननं आकबेतचा दगड लावायला सांगितला तेव्हा मुकाश त्याला आदरानं म्हणाला, बाइके, हा पाण्याचा दगड नव्हे. जुमाकादिरला घाई होती. वरून साहेब लोक येणार होते, फीत कापायची होती. दगड तो दगड, तुझ्या बहिणीचं शहाणपण इथं नको, असं म्हणून त्यानं ट्रॅक्टर आकबेतकडे पाठवले. मी तेव्हा सुट्टीवर घरी होते. मुकाश जेवायला बसला आणि खिशातून एक पांढरा खडा काढून माझ्यादेखत नखानं खरवडत राहिला. भिंत जमेल तेवढी जाड करतो म्हणाला, तेवढंच त्याच्या हातात होतं.

बंधारा काही वर्षं उभा राहिला. मग एका वसंतात बर्फ एकदम वितळलं, नदी फुगली आणि आतून पोखरलेली ती भिंत बसली. खालच्या वस्तीतली घरं गेली, घरांबरोबर माणसंही गेली. गावच्या क्लबात, जिथे सगळ्या सभा होत, चौकशी झाली. जुमाकादिर उभा राहिला, छातीवर हात ठेवला आणि सगळ्या गावासमोर म्हणाला:

"मी स्वतः कोकजोनवर चढलो होतो. माझ्या हातानं दगड निवडून दिला होता. यानं चढ वाचवला आणि आकबेतचा आणून टाकला. ज्याच्या हाताला दगड कळत नाही त्याच्यावर मी गाव सोपवलं, एवढीच माझी चूक."

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्या. मी उठले, खरं काय ते सांगितलं, तर चौकशीचे साहेब हसून म्हणाले की बहीण भावाच्याच बाजूनं बोलणार. ज्यांनी ट्रॅक्टर हाकले होते ते टोप्यांकडे बघत बसले. त्यांनाही दोष देत नाही असं मी म्हणणार नाही, देते. मुकाशला तुरुंगात नेलं. तिथून तो खोकला घेऊन परत आला. गावात कोणी त्याला काम देईना, सलाम केला तर कोणी घेईना. दारापुढच्या ओट्यावर बसून असायचा, आणि येणाऱ्याजाणाऱ्यानं तोंड फिरवलं की पुढे केलेला हात हळूच मांडीवर ठेवायचा. दुसरा हिवाळा त्याला झेपला नाही.

आमच्यात मयत उचलण्याआधी मोल्दो, म्हणजे मुल्ला, जमलेल्या पुरुषांना विचारतो, हा कसा माणूस होता? आणि सगळे म्हणतात, चांगला माणूस होता. घोडेचोर मेला तरी म्हणतात. बायकोला मारणारा मेला तरी म्हणतात. त्याला काही कष्ट पडत नाहीत, माणसाला निरोप द्यायची ती रीत आहे, आणि तो शब्द घेतल्याशिवाय माणूस या दुनियेतून गेला असं आम्ही मानत नाही. आम्ही बायका भिंतीपलीकडे उभ्या होतो. इशिम मोल्दोनं विचारलं, मुकाश कसा माणूस होता? कोणी बोललं नाही. पहिल्या रांगेत जुमाकादिर उभा होता, चाबकाची मूठ न्याहाळत. तो बोलेना म्हणून त्याच्या मागचा बोलेना, आणि मागचा बोलेना म्हणून त्याच्याही मागचा. मोल्दोनं पुन्हा विचारलं. मला माझ्याच दातांचा आवाज ऐकू येत होता.

तेवढ्यात मागून कोणीतरी ओरडलं, "चांगला माणूस होता!" तो जुमाकादिरचा सख्खा बाप होता, कालमुर्झा आक्साकाल; पांढऱ्या दाढीच्या वडीलधाऱ्याला आम्ही आक्साकाल म्हणतो. लढाईत तोफांनी त्याचे कान गेले होते, आणि बहिरी माणसं बोलतात तसा तो सगळं ओरडूनच बोलायचा. मुलानं वळून त्याचं कोपर धरलं आणि त्याला बाजूला नेलं. मोल्दोनं घाईघाईनं पुढचं उरकलं. एवढ्या मोठ्या गावातून माझ्या भावाला एका बहिऱ्याचा शब्द मिळाला.

त्या दिवसापासून मला एकच गोष्ट हवी होती. जुमाकादिरचं घर नको, त्याचे घोडे नकोत, त्यानं तुरुंगात जावं असंही मला वाटत नव्हतं. तो प्रश्न गावासमोर पुन्हा विचारला जावा आणि त्याचं उत्तर जुमाकादिरच्या तोंडून यावं. मी सकाळी चुलीत शेणी घालताना हेच मनात घोळवायचे आणि संध्याकाळी गाय दोहतानाही हेच.

म्हाताऱ्याशी मात्र माझं जुळलं. सून घरात बोलत नाही म्हणून तो काठी टेकत माझ्या फाटकाशी यायचा, खिशातून कुरुतचे, वाळवलेल्या दह्याचे, गोळे काढून माझ्या हातात ठेवायचा, आणि माझ्या खिडकीत मांडलेल्या दगडांची चौकशी करायचा. हा कुठला, हा जड का, यात चकचकतंय ते काय. मी त्याच्या कानात ओरडून सांगायचे की तो अभ्रक आहे, आक्साकाल, सोनं नव्हे, घरी सांगू नका नाहीतर तुमचा मुलगा खिडकीच उचलून नेईल. तो पोट धरून हसायचा. मुकाशबद्दल आम्ही कधी बोललो नाही. एकदाच, जाता जाता, कानावर हाताचा पंजा धरून तो म्हणाला की त्या दिवशी बाकीचेही बोलले असतील ना, मलाच ऐकू आलं नसेल. मी हो म्हटलं. त्याला तरी कशाला दुखवायचं?

कालमुर्झा आक्साकाल एका वसंतात गेला. वर्ष भरलं की आश घालतात, गावोगावचे पाहुणे जेवतात आणि जेवणाआधी कबरीवर दगड उभा करून त्याच्यावरचं कापड काढतात. जुमाकादिर आता चेअरमन नव्हता, पण ट्रक होते, पेट्रोल पंप होता, आणि माज तोच. बापाचा दगड मी कोकजोनचा संगमरवर लावणार, स्वतः चढून निवडणार, असं तो जिथे बसेल तिथे सांगू लागला. त्या पोटानं तो कोकजोनवर चढणार म्हणजे बघायलाच हवं होतं. कोणी त्याला चढताना पाहिलं नाही. शरद ऋतूत त्याच्या अंगणात एक मोठी पांढरी शिळा येऊन पडली मात्र, आणि शहरातून ओरोज नावाचा कारागीर आला. ओरोज बिचारा एरवी काळ्या तयार लाद्यांवर मशीननं चेहरे काढणारा; डोंगरातून काढलेल्या शिळेवर टाकी चालवायची वेळ त्याच्यावर फारशी येत नसे. दगड फार गुणी आहे, टाकी कशी सुरेख चालते, असं तो सगळ्यांना सांगत होता. मग त्यानं शिळेला दुंब्याच्या शेपटीची चरबी चोळली आणि ती अशी झळकायला लागली की बघायला रीघ लागली.

मीही गेले. सकाळची वेळ, गवतावर दव गोठलेलं, अंगणातल्या लोखंडी बादलीला हात लावला तर कळ येत होती. मी शिळेवर तळवा ठेवला. गार नव्हती. बादलीपेक्षा, फरशीपेक्षा, कशाहीपेक्षा कमी गार. मला नखही लावावं लागलं नाही. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात ते खोटं नाही: हा पुन्हा आकबेतच्या पायथ्याशीच गेला होता, आणि पुन्हा कोकजोनचंच नाव घेत होता. मला आनंद झाला. माझ्या गुडघ्यांतून वर चढत गेला तो आनंद, आणि मला त्याची लाजही वाटली नाही.

जुमाकादिर पायरीवर उभा राहून माझ्याकडे बघत होता. बंधाऱ्यानंतर आम्ही एकमेकांशी बोललो नव्हतो. त्याला माझा निवाडा नको होता, पण ओरोजसमोर मिरवायचं होतं.

"काय एजे," तो ताई म्हणावं तसं म्हणाला, "संगमरवर आहे ना चोख? तुम्ही तर शिकलेल्या."

"तुला विचारायची गरज काय?" मी म्हटलं. "तुझ्या हाताला दगड कळतो. क्लबात तूच सांगितलं होतंस."

त्याचा चेहरा क्षणभर उतरला, पण ओरोज ऐकत होता, शेजारीपाजारी ऐकत होते. तो हसला आणि म्हणाला की कळतोच, म्हणून तर स्वतः निवडून आणला. मी म्हटलं, देखणा आहे. खोटं बोलले नाही मी, देखणा होताच.

पण घरी येऊन चहा ओतला आणि माझ्या डोळ्यांपुढे म्हातारा आला, खिशातून कुरुत काढणारा. मुलाच्या लबाडीवर मी टपून बसणार, आणि नाव कोणाचं धुऊन जाणार? त्याचं. चार वसंत गेले की कालमुर्झा ही अक्षरं त्या दगडावर राहणार नव्हती. माझ्या भावाला ज्यानं शब्द दिला त्याचंच नाव मी पावसाच्या हवाली करणार होते. छे. डूख माझा मुलावर होता, बापाचं मी देणं लागत होते.

म्हणून बर्फ पडायच्या आत मी घोडा घेतला, लाकडी घसरगाडी घेतली आणि कोकजोनवर गेले. माझ्या गुडघ्यांनी त्या दिवशी मला काय काय शिव्या दिल्या ते मलाच ठाऊक. धारेखाली सुटून पडलेली एक चपटी करडी लादी मला मिळाली, मधे शिंपल्यांच्या खुणा असलेली. ठोकली, खणकन वाजली. नख ओढलं, नखाचीच पूड झाली. ती खाली आणली, गोठ्यात ठेवली आणि हिवाळाभर छिन्नी घेऊन बसले. तिथे टाकी सुरेख बिरेख चालत नव्हती. एकेका अक्षराला बोटं सोलून निघाली, पण म्हाताऱ्याचं नाव आणि त्याच्या बापाचं नाव मी त्यात खोल बसवलं. गोठ्याचं दार लावूनच काम केलं, गायीशिवाय कोणाला पत्ता लागला नाही.

आशच्या दिवशी ताशबुलाकमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. नदीकाठी तंबू ठोकले होते, कढयांत घोड्याचं मांस रटरटत होतं, शेजारच्या खोऱ्यांतले म्हातारे उंच टोप्या घालून आले होते. जेवणाआधी सगळे कबरस्तानावर गेले. मी माझी घोडागाडी फाटकापाशी आधीच आणून लावली होती, मागे लादी, लादीवर जुना नमदा. कोणी विचारलंच तर चारा आहे म्हणून सांगणार होते.

मोल्दोनं कुराण म्हटलं. कापड काढलं. दगड उन्हात असा लखलखला की लोकांच्या तोंडून वाहवा निघाली. जुमाकादिर पुढे झाला, टोपी नीट केली आणि बोलायला लागला. बाप कसा होता, बापानं कसं वाढवलं, मग हळूहळू गाडी स्वतःवर. या वयात मी कोकजोनवर चढलो, तो म्हणाला, माझ्या या हातानं हा संगमरवर निवडला, दुसऱ्या कोणावर सोपवला नाही, कारण दगड ओळखणं येरागबाळ्याचं काम नाही. मी त्याला हे पुरं बोलू दिलं. शेवटचा शब्द त्याच्या तोंडातून बाहेर पडेपर्यंत थांबले, आणि मग कबरस्तानाची बुटकी भिंत ओलांडून पुरुषांत शिरले.

दोघातिघांनी मला अडवलं, बायका भिंतीबाहेर थांबतात म्हणाले. मी म्हटलं, बायका मयताबरोबर जात नाहीत. इथे मयत नाही, दगड आहे, आणि दगड माझा धंदा आहे. इशिम मोल्दो आता पार वाकला होता. त्यानं मान वर करून मला पाहिलं आणि त्यांना बाजूला व्हायची खूण केली.

"जुमाकादिर," मी म्हटलं, "तू स्वतः निवडलास हा?"

"सांगितलं ना आत्ताच."

"मग खाली कडेला नख ओढ. नावाला नको लावूस, तुझ्या बापाचं आहे. कडेला ओढ."

तो हसला, लोकांकडे बघून डोळा मारल्यासारखं केलं, आणि म्हातारीचा हट्ट पुरवायचा म्हणून वाकून अंगठ्याचं नख ओढलं. दगडावर पांढरी रेघ उमटली आणि पूड त्याच्या बुटावर पडली. तो तसाच वाकलेला राहिला.

मग मी कोणाला काही सांगितलं नाही, सांगावं लागलंच नाही. शेजारच्या खोऱ्यातल्या एका म्हाताऱ्यानं पुढे येऊन आपलं नख ओढलं. मग दुसऱ्यानं. मग ते आले, ज्यांनी त्या काळी ट्रॅक्टर हाकले होते. एकेक जण वाकत होता, नख ओढत होता, बोटाची पूड बघत होता आणि मागे सरकत होता. शेवटी त्यांच्यातलाच एकजण म्हणाला की हा आकबेतचा आहे. हळूच म्हणाला, पण सगळ्यांनी ऐकलं. बंधाऱ्याचाच दगड, तो म्हणाला.

जुमाकादिर उठला तेव्हा लालबुंद झाला होता. या ओरोजनं दगड बदलला, तो म्हणाला, मी कोकजोनचा दिला होता, यानं कष्ट वाचवायला आकबेतचा आणला. ओरोज गरीब माणूस, पण तोही उसळला. म्हणाला, बाइके, मी तुमच्या अंगणाच्या बाहेर गेलो नाही, शिळा माझ्या आधी येऊन पडली होती, साऱ्या गल्लीनं पाहिली.

"मुकाशनं बदलला," मी म्हटलं, "आता ओरोजनं बदलला. कोकजोनवर जाणारा नेहमी तू, आणि दगड बदलणारा नेहमी दुसरा. तुझ्या हाताला दगड कळत नाही रे, जुमाकादिर. ज्याच्या हाताला दगड कळत नाही त्याच्यावर काय सोपवू नये म्हणाला होतास? मला वाक्य आठवतंय. तू सांगतोस की मी सांगू?"

मी त्याच्याकडे पाठ केली आणि मोल्दोकडे वळले. मी म्हटलं, मोल्दोके, तुम्ही एकदा या गावासमोर एक प्रश्न विचारला होता आणि त्याचं उत्तर तुम्हाला मिळालं नव्हतं. एका बहिऱ्याचा शब्द घेऊन तुम्ही माझ्या भावाला मातीत घातलंत. आज जो खाली झोपलाय त्याचाच तो शब्द होता. बाकीच्यांचा बाकी आहे. पुन्हा विचारा.

कोणीतरी पुटपुटलं की आशच्या दिवशी हे कशाला. मोल्दोनं त्याच्याकडे बघितलंही नाही. त्यानं घसा साफ केला आणि जमेल तेवढ्या मोठ्यानं विचारलं, मुकाश कसा माणूस होता?

"चांगला माणूस होता," ट्रॅक्टरवाले म्हणाले. मग मागचे म्हणाले, मग शेजारच्या खोऱ्यातले म्हणाले, ज्यांनी मुकाशला जन्मात पाहिलं नव्हतं तेही म्हणाले. सगळं कबरस्तान म्हणालं. मला वाटलं होतं की हे ऐकून मी रडेन. रडू आलं नाही, संताप आला. एवढं सोपं होतं तर त्या दिवशी तुमच्या जिभा काय गहाण पडल्या होत्या? तो ओट्यावर बसून हात पुढे करायचा तेव्हा कुठे होतात मेल्यांनो? हे मी तोंडानं बोलले की मनात, ते आता आठवत नाही. पण पुष्कळांनी माना खाली घातल्या, म्हणजे बोलले असणार.

जुमाकादिर गप्प होता. चाबूक आज हातात नव्हता, म्हणून तो अंगठ्याची पूड चोळत होता. मी फाटकाशी गेले आणि नमदा ओढून काढला. करडी लादी, वर म्हाताऱ्याचं नाव. लोक गाडीभोवती गोळा झाले. ओरोजनं सगळ्यांत आधी हात ठेवला आणि गार आहे म्हणाला. त्यानं नख ओढलं, काही उमटलं नाही. कोणीतरी आशच्या कढयांजवळून व्हिनेगरची बाटली पळत जाऊन आणली. मी लादीच्या कडेला थेंब टाकला आणि तो चरचरून फेसाळला. मग तिथून जाऊन पांढऱ्यावर टाकला. तो नुसता ओघळून गवतात गेला.

"हा कोकजोनचा," मी जुमाकादिरला म्हटलं. "मी चढून आणलाय. याच्यावरचं नाव तुझ्या नातवंडांनाही वाचता येईल. तो पांढरा ठेवलास तर चार वसंतांनी तुझा बाप बिननावाचा होईल, आणि येणारा जाणारा विचारेल की इथे कोण पुरलाय. ही लादी मी तुला देत नाही, त्याला देते. पण गाडीवरून खाली तेव्हाच उतरेल, जेव्हा तू उत्तर देशील."

तो बापाच्या पांढऱ्या दगडाकडे बघत राहिला. खालच्या कडेवर नखांच्या रेघाच रेघा झाल्या होत्या, मांजरानं खांब ओरबाडावा तशा. सगळ्या खोऱ्यांचे पाहुणे उभे होते. कढया थंड होत होत्या आणि कोणी हलत नव्हतं. त्याचे ओठ हलले.

मी कानामागे हाताचा पंजा धरला, अगदी त्याचा बाप धरायचा तसा.

"ऐकू आलं नाही," मी म्हटलं. "खाली झोपलाय त्यालाही नाही येणार. मोठ्यानं बोल."

"चांगला माणूस होता," तो म्हणाला.

"अजून मोठ्यानं."

जुमाकादिर ओरडला. बहिरी माणसं ओरडतात तसा, मान ताणून, डोळे मिटून. समोरच्या आकबेतवरून तो आवाज जसाच्या तसा परत आला, आणि तो दुसऱ्यांदाही मी नीट ऐकून घेतला. मग मी गाडीची दोरी सोडली आणि त्याला म्हटलं, ये, उचल, एक बाजू तू धर, जड आहे.